एशियाडची रद्द झालेली फेरी

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीला सुटली, त्यानंतर हात विळीवर, पाट्यावर आणि केरसुणीवर बसला, पेनावर बसला नाही. वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून कळत नाही. जी आधी आठवते ती देते. मुलीच्या जुन्या वहीत मागची बरीच पानं कोरी होती म्हणून लिहिते आहे, कोणाला दाखवायचं नाही. पण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना चूक खपत नसे. म्हणून ही माफी त्यांची मागितली असं धरावं.

त्यांना सगळा गाव कंट्रोलर म्हणायचा. एस.टी.त तीस वर्षं कंट्रोलर होते, शेवटची काही वर्षं वैभववाडीच्या स्टँडवर. खिडकीत बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवर सांगायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त होऊन कसाल-मालवण रस्त्याच्या आत आमच्या गावी आले तेव्हा पेटीतून खाकी कोट आणला आणि गळ्यातून तो आवाज. बायको वारली होती, मुलगी मुंबईला. मी त्यांच्याकडे सात वर्षं कामाला होते. सकाळी नऊ ते दुपारी चार. नऊ म्हणजे नऊ. नऊला पाच कमी असताना गेले तर ते मला खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, बाहेर पाच मिनिटं उभी ठेवायचे. म्हणायचे, “येळेआधी सुटणारी गाडी उशिरा सुटणाऱ्या गाडयेपेक्षा वायट गो बाये. उशिरा सुटणारी निदान गावता तरी.”

पडवीत त्यांनी एक काळा फळा टांगला होता. त्यावर पांढऱ्या रंगाने उभ्या रेघा आखलेल्या आणि वर लिहिलेलं: नाव, आगमन, निर्गमन, शेरा. त्यात दूधवाला असायचा, मी असायची, खुडुक कोंबडी असायची, त्यांची स्वतःची आंघोळसुद्धा असायची. शेऱ्याच्या रकान्यात कारण. दूधवाल्यासमोर एकदा आठ दिवस लिहिलेलं होतं, “वीस मिनिटे उशीर, सासू.” सासूचं काय झालं ते लिहिलं नव्हतं. दूधवाला रोज वाचायचा आणि रोज म्हणायचा, “कंट्रोलरनू, पुसा हो ता, ती बरी आसा आता.”

आवाजाचं सांगायचं तर एक वर्ष आम्ही वाडीतल्या बायका कुणकेश्वरच्या जत्रेला गेलो होतो आणि कंट्रोलरही बरोबर होते. गर्दीत एकीची सासू चुकली. रडारड सुरू झाली. कंट्रोलर एका शहाळेवाल्याच्या पेटीवर चढले, हात कानाशी नेला आणि माइकशिवाय म्हणाले, “हिरवे लुगडे नेसलेल्या, कानाने कमी ऐकू येणाऱ्या आजींनी त्वरित शहाळ्याच्या गाडीजवळ यावे.” कानाने कमी ऐकू येणारी ती सासू आलीच. शिवाय हिरव्या लुगड्यातल्या आणखी तीन म्हाताऱ्या आल्या, ज्या हरवलेल्याच नव्हत्या.

पण खरी गंमत ही की ही छापील मराठी ते माणसांशी कधी बोलत नसत. माणसांशी आपली मालवणी. छापील मराठी फक्त माइकवर आणि जनावरांशी. हे असं का, हे विचारायला मला वर्ष लागलं, कारण मला तोंड उघडायचं म्हणजे संकट वाटतं. एकदा कसंबसं विचारलं तर म्हणाले, “माणसांक मालवणी कळता. जनावरांका नियम लागतत, नि नियम मालवणीत बसणत नाय.”

कुत्री त्यांच्या मुलीने आणली. तिने मुंबईत हौसेने घेतलेली, आणि मग सोसायटीत जमेना म्हणून बापाकडे सोडली. पिशवीतून बाहेर काढली तेव्हा कंट्रोलर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

“ह्या काय गो? खंयच्या खांबाक आदळला?”

“पप्पा, पग आसा तो. ही जातच अशी.”

ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले. खाली वाकून बघितलं. “तोंड चपटा. आवाज मोठो. चार पावला चढाव इलो की धापता.” मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “ही एशियाड.”

एशियाड म्हणजे जुनी निमआराम बस. तेच नाव पडलं. रोज सकाळी पडवीतून ऐकू यायचं, “एशियाड, कृपया खळ्यात यावे. एशियाड, आपली पेज खळ्यात लागलेली आहे.” आणि ती यायची, घोरत घोरत. चालताना घोरणारी कुत्री मी दुसरी बघितली नाही. तिची पेज मी करायचे, उकड्या तांदळाच्या कण्यांची, वर बांगड्याचं डोकं कुस्करून. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणायची, “आमका वाफेवर भात, नि त्या चेपलेल्याक बांगडो!” पण तीसुद्धा संध्याकाळी एक सुका बोंबील घेऊन कुंपणाशी उभी असायची.

दोन वर्षांची झाली तेव्हा कंट्रोलरनी ठरवलं की एशियाडची पिल्लं व्हायला हवीत. कसालचा एक शेठ त्यांच्या ओळखीचा. त्याचं घरगुती हॉटेल, मुंबईचे पाहुणे यायचे, पाहुण्यांच्या पोरांना खेळायला त्याला अशीच चपटी कुत्री हवी होती. मादीच हवी. त्याने मिठाईच्या पुड्यातून वीस हजार रुपये आणून दिले, आगाऊ. कंट्रोलरनी त्याला पावती दिली आणि फळ्यावर लिहिलं, “कसाल शेठ, मादी १, आरक्षित.”

नर कुडाळच्या एका साहेबांचा होता. अशा वेळी नरवाल्याला पैसे देत नाहीत, एक पिल्लू देतात, त्याने पहिलं निवडायचं. नर दोनदा आणला, एक दिवस सोडून. कंट्रोलरनी दुसऱ्या दिवसापासून त्रेसष्ट दिवस मोजले आणि फळ्यावर निर्गमनाची तारीख घातली. पहिल्या दिवसापासून का नाही मोजले, तर म्हणाले, “पयली फेरी ती ट्रायल.”

आता माझ्या हातून जे झालं ते लिहिते.

फळ्यावरच्या तारखेला अजून तीन दिवस होते. सकाळी मी गेले तर एशियाडने पेज हुंगली आणि तोंड फिरवलं. बांगड्याच्या डोक्याकडे बघितलं नाही. पेटीचं झाकण नाकाने उचलून तिने खाकी कोट खाली ओढला होता आणि त्याला पायांनी उकरत होती. माझ्या घरी शेळ्या आहेत. जनावर असं जागा करायला लागलं की काय समजायचं ते मला कळतं. मला कळलंच. मी दोनदा पडवीपर्यंत गेले. कंट्रोलर पेपर वाचत होते. पेपरचं पान उलटेपर्यंत थांबावं म्हणून उभी राहिले, पान उलटलं, आणि मी परत आत गेले. बारा वाजता ती धापायला लागली. मी एवढंच म्हटलं, “एशियाडान काय खाल्ल्यान नाय.”

“उकाडो आसा,” ते म्हणाले. “तीन दिवस आसत अजून.”

दोन वाजता कोटावर हिरवं पाणी दिसलं आणि पिल्लू कुठेच नव्हतं. शेळीचं असं कधी बघितलं नव्हतं, पण हिरवं बरं नव्हे हे कोणीही सांगेल. तेव्हा माझ्या तोंडातून ओरडाच निघाला. “कंट्रोलरनू, हिरवा पानी!”

ते आले. कुत्रीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. मग फळ्याजवळ जाऊन बाहीने ती तारीख पुसली. फळ्यावरचं काही त्यांनी वेळेआधी पुसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

कुत्र्यांची डॉक्टरीण कुडाळला. आम्ही एशियाडला कोटात गुंडाळून रस्त्यावर आलो आणि कंट्रोलर सवयीने बस थांब्यावर जाऊन उभे राहिले. “तीन चाळीसची आसा,” म्हणाले आणि स्वतःच ते ऐकून थांब्यावरून खाली उतरले. तेवढ्यात मासळीचा टेंपो आला. बर्फ आणायला कुडाळला चालला होता, मागे रिकाम्या क्रेट. कंट्रोलर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात वर करून. टेंपोवाल्याने ब्रेक मारला तो आमच्यापासून हातभर.

“आवशीक खाव! म्हाताऱ्या, मराक माझोच टेंपो गावलो?”

“बाळंतीण आसा,” कंट्रोलर म्हणाले.

टेंपोवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी लाजेने कोट पुढे केला. त्याने आत डोकावलं आणि म्हणाला, “बसा. धरून बसा.”

तो टेंपो त्याने कसा चालवला ते देवाला माहीत. एशियाडला क्रेटमध्ये ठेवलं होतं. सकाळपासून उपाशी, त्यात क्रेटला पेडव्यांचा वास. दोन कळांच्या मध्ये ती क्रेट चाटायची आणि कळ आली की ओरडायची. कंट्रोलर पुढे बसलेले, घाबरले की त्यांचं तोंड बंद राहत नाही, ते गाव आलं की गावाचं नाव पुकारत होते. कसाल आलं तेव्हा म्हणाले, “कसाल, कसाल, येथे गाडी पाच मिनिटे थांबेल.”

“बापाशी गाडी थांबता!” टेंपोवाला म्हणाला. “गप बसा हो तुमी!”

डॉक्टरीण तरुण होती. हात लावून बघितलं आणि विचारलं, “केव्हापासून?” कंट्रोलर फळ्याबद्दल सांगायला लागले. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, सकाळी नऊपासून, खाणं सोडलं, जागा उकरली, बारापासून धाप.

“तुम्हाला सगळं कळत होतं,” ती म्हणाली. “मग तेव्हाच फोन का नाही केला?”

ती रागाने नाही बोलली. हातमोजे घालता घालता बोलली. पण मला ते अजून ऐकू येतं.

पोट कापून तीन पिल्लं काढली. जे वाटेत अडकलं होतं ते गेलेलं होतं, ती मादी होती. दुसरे दोन नर, ओल्या लाडवासारखे, हलत नव्हते. डॉक्टरणीला हात कमी पडले. तिने एक पिल्लू टॉवेलात घालून माझ्या हातात दिलं, एक कंट्रोलरच्या. “चोळा. जोरात चोळा. रडेपर्यंत थांबायचं नाही.” मी चोळत होते आणि शेजारी कंट्रोलर पिल्लाच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू म्हणत होते, “कृपया श्वास घ्यावा. कृपया श्वास घ्यावा. आपणास विनंती आहे.” माझं आधी रडलं. त्यांचं रडेना. ते म्हणत राहिले. मग तेही रडलं आणि कंट्रोलर भिंतीला टेकून खाली बसले.

डॉक्टरणीने निघताना स्पष्ट सांगितलं. हिची कंबरेची हाडं अरुंद आहेत आणि या जातीच्या पिल्लांची डोकी मोठी. पुढच्या वेळीही असंच होणार, कापूनच काढावी लागणार. “मी तुमच्या जागी असते तर पुन्हा पिल्लं घेतली नसती.”

कंट्रोलर म्हणाले, “करूळ घाट अरुंद आसा म्हणान गाडये बंद केल्यानी काय?”

“काका, घाटात गाडी अडकली तर क्रेन येते. इथे मी एकटी आहे. आणि त्या दिवशी मी गावाला गेलेली असले तर?”

त्यांना हे पटलं असं नाही. ते आपल्या चपला शोधत होते, ज्या पायातच होत्या.

घरी आल्यावर दुसरंच. भूल उतरल्यावर एशियाडने पिल्लांकडे बघितलं ते कोणीतरी चुकून तिच्या सीटवर पिशव्या ठेवल्यासारखं. तिला कुठे माहीत ती तिची होती. तीन दिवस मी तिला आडवी धरून ठेवायचे आणि कंट्रोलर पिल्लं लावायचे, दर दोन तासांनी, घड्याळ बघून. मध्ये ती उठून जायला लागली की ते म्हणायचे, “सामान आपलेच आहे, कृपया ओळख पटवून घ्यावी.” चौथ्या दिवशी तिने एकाला चाटलं. कंट्रोलरनी फळ्यावर शेरा लिहिला, “ओळख पटली. सकाळी १०.२०.”

पिल्लं मोठी झाल्यावर एक कुडाळच्या साहेबांनी नेलं, ठरल्याप्रमाणे. दुसरं विकलं तर ऑपरेशनचा खर्च सुटला असता. शेठचे वीस हजार त्यातच गेले होते, औषधं, दुधाची पावडर, सगळं धरून. पण एक दिवस टेंपोवाला दारावरून चालला होता, त्याला कंट्रोलरनी हात दाखवून थांबवलं आणि ते पिल्लू उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. भाडं त्याने घेतलं नव्हतं ना. टेंपोवाला म्हणाला, “अहो, पंधरा-वीस हजारांचा कुत्रा तो!” कंट्रोलर म्हणाले, “मगे सांबाळून चलव.” त्या पिल्लाचं नाव त्याने ब्रेक ठेवलं. अजून टेंपोत पुढे बसलेलं असतं.

राहिला शेठ. त्याला मादीच हवी होती, तेव्हा नर दुसऱ्यांकडे गेल्याचं त्याला दुःख नव्हतं. तो फोनवर म्हणाला, “माझा काय घाईचा नाय. पुढच्या खेपेक द्या.” आणि कंट्रोलर म्हणाले, “पुढच्या फेरयेक तुमका आरक्षण पक्का.” हे मी स्वयंपाकघरात ऐकलं. तेव्हा सुद्धा काही बोलले नाही.

सात महिन्यांनी एशियाड पुन्हा माजावर आली. एका शुक्रवारी सकाळी मी गेले तर फळ्यावर होतं, “एशियाड, फेरी क्र. २, दुपारी ३.०० वाजता. नर: कसाल शेठ यांजकडून.” शेठने मध्यंतरी स्वतःच असा एक चपटा नर घेतला होता. मी फळा दोनदा वाचला. मला वाटलं मी चुकीचं वाचते आहे, कधी कधी वाचते. मग मी खळं झाडलं. मग पेज लावली. मग परत खळं झाडलं. तिसऱ्यांदा झाडू घेतला तेव्हा कंट्रोलर म्हणाले, “गो बाये, खळा झिजात.” मी झाडू कोपऱ्यात ठेवला.

ते एक ते दोन झोपायचे. एक वाजून पाच मिनिटांनी मी एशियाडला पदरात गुंडाळलं आणि काजूच्या बागेतून खाली माझ्या घरी घेऊन गेले. आठ किलो वजन. माझ्या घरामागे मांगर आहे, लाकडं आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, ठेवायचा. त्यात तिला घातलं, दार ओढलं, पुढे दगड ठेवला आणि कामावर परत न जाता तिथेच थांबले. एवढी मोठी चोरी मी आयुष्यात पहिल्यांदा केली. मला वाटलं झालं.

पण माजावरची कुत्री लपवायची म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. अर्ध्या तासात वाडीतला पहिला कुत्रा आला आणि मांगरासमोर बसला. मग दुसरा. पंचायतीची सभा असल्यासारखे येऊन बसत होते. देवळाच्या गुरवाचा कुत्रा, जो नैवेद्याशिवाय हलत नाही, तोही आला. आठ मोजले. मी दगड मारले तर ते थोडे मागे सरकून बसले, रांग न मोडता. आणि आत एशियाड झोपली होती आणि घोरत होती.

तीन वाजता शेठ गाडीतून त्याचा नर घेऊन कंट्रोलरकडे पोचला. कुत्री नाही. पुकारा झाला, तो मला इथपर्यंत ऐकू आला, “एशियाड, आपण असाल तेथून त्वरित…” एशियाडने आत कूस बदलली. मग पुकारा थांबला. नंतर कळलं, कंट्रोलर कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि रस्त्याने जाणारी कुत्री बघत होते. शेठला म्हणाले, “आमच्या वाडयेतली कुत्री एका दिशेन कधी जाणत नाय. मतदानाक पण माणसा जाणत नाय अशी.” आणि त्या कुत्र्यांच्या मागून दोघे निघाले.

असे ते माझ्या खळ्यात आले. पुढे दोन कुत्रे, मग कंट्रोलर, मग शेठ, त्याच्या काखेत जीभ काढलेला चपटा नर. मी झाडत होते. मला दुसरं काही सुचलंच नाही.

“बाये,” कंट्रोलर म्हणाले, “मांगरात काय आसा?”

“शेणी.”

आतून मोठ्ठं घोरणं आलं. गुरवाच्या कुत्र्याने कान टवकारले.

“शेणी घोरतत काय गो?”

शेठ हसायला लागला. हसता हसता त्याच्या काखेतला नर सुटला आणि त्या कुत्र्यांच्या मध्ये जाऊन, सगळ्यांना वास घेऊ देऊन, दमून त्यांच्याबरोबर बसला. आणि मला काय झालं माहीत नाही, शेठ हसला म्हणून असेल, माझ्या हातातला झाडू खाली पडला आणि मी बोलले. एवढं मी माझ्या लग्नातही बोलले नव्हते.

“तेदवा सकाळी माका सगळा कळला होता. मी बोललंय नाय. एक पील मेला. आता बोलतंय. डॉक्टरणीन सांगल्यान तुमका, तुमी आयकलास नाय. तिका परत कापूची नाय. आणि कापूक येळेर नेवक गावली नाय तर ती मरतली. माका कामावरसून काढा. पण दार मी उघडूचंय नाय.”

कंट्रोलर माझ्याकडे बघत होते, फळ्यावर एखादी गाडी चुकीच्या रकान्यात दिसावी तसे. मग ते दारापाशी गेले. मला वाटलं दगड काढतात. त्यांनी फटीतून आत बघितलं. बराच वेळ बघत होते. एशियाड उताणी झोपायची, तिच्या पोटावर ती शिवण होती, त्यावरचे केस परत आलेच नव्हते.

ते मागे वळले, खांदे सरळ केले, आणि शेठशी छापील मराठीत बोलले. माणसाशी त्या भाषेत बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

“तांत्रिक कारणास्तव ही फेरी कायमची रद्द करण्यात येत आहे.”

“म्हणजे?” शेठ म्हणाला. “नि माझे वीस हजार?”

“रद्द गाडयेचे पैसे पूर्ण परत. कपात नाय.”

“खंयसून देतलास? पेन्शन केवढी तुमची, माका म्हायत नाय?”

“हप्त्यान.”

“नि आज नर घेवन इलंय, ता पेट्रोल?”

“किती?”

“पाचशे!” शेठ रागाने म्हणाला.

कंट्रोलरनी खिशातून डायरी काढून लिहिलं. “वीस हजार पाचशे.”

मला कामावरून काढलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या नावासमोर कागद टाचणीने लावलेला. मेमो होता. दुपारी एक वाजता पूर्वसूचना न देता डेपोतील वाहन हलवल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मी चौथीनंतर पहिल्यांदा पेन धरलं. चार रात्री लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, “कुत्री माझी नाही पण मी तिला धरून ठेवली होती तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.” त्यांनी चष्मा लावून वाचलं, दोन ठिकाणी लाल पेनाने दुरुस्ती केली आणि खाली लिहिलं, “खुलासा मान्य.” दोन महिन्यांनी कुडाळच्या डॉक्टरणीकडून एशियाडचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशनही करून आणलं. या वेळी टेंपोवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं.

पैसे मात्र पेन्शनीतून निघेनात. मग मदतीला आवाज आला. आमच्याकडे थंडी सुरू झाली की प्रत्येक वाडीची क्रिकेटची टुर्नामेंट असते आणि माइकवर बोलायला माणूस लागतो. पहिल्या दिवशी कंट्रोलरना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, “फलंदाज बाद झालेले असून ते आपल्या मार्गाने रवाना होत आहेत. पुढील फलंदाज दोन मिनिटांत सुटेल.” पोरं हसून हसून लोळली. पुढच्या आठवड्यात तीन वाड्यांनी बोलावलं. षटकार मारला की लोक खूश होऊन माइकवाल्याला दहा-वीस रुपये आणून देतात. ते सगळे कंट्रोलर डायरीत लिहायचे, आणि महिनाअखेर ते पाकीट घेऊन मी बसने कसालला जायची. शेठ पैसे घ्यायचा, पावती द्यायचा आणि म्हणायचा, “काय गो, शेणी गप निजतत मा?” पहिल्या वेळी मी मान खाली घातली. चौथ्या वेळी म्हटलं, “घोरतत. तुमचो नर कसो आसा?” शेठच्या बायकोने आतून हसलेलं मला ऐकू आलं.

शेवटचा हप्ता मी नेला नाही. त्या रविवारी आमच्या शाळेच्या मैदानावर फायनल होती आणि एक टीम कसालची, म्हणून शेठ स्वतः आला होता. कंट्रोलर टेबलाशी, एशियाड टेबलाखाली, मी त्यांचा डबा घेऊन मागे उभी. दुसरी इनिंग चालू होती, कसालला बावीस धावा हव्या होत्या. एका षटकारावर कोणीतरी पन्नासची नोट आणून दिली. कंट्रोलरनी डायरी उघडली, बेरीज केली, परत केली आणि माइक हातात घेतला.

“कसालहून आलेले शेठ यांनी त्वरित टेबलाजवळ यावे. कसालहून आलेले शेठ.”

शेठ गर्दीतून धावत आला, धोतर सावरत. “काय झाला? गाडयेक धक्को मारल्यानी?”

कंट्रोलरनी पिशवी टेबलावर उपडी केली. दहाच्या, वीसच्या, थोड्या शंभराच्या. “दोन हजार पाचशे. मोजा.”

“अहो, हंय? आता?” शेठ हळू आवाजात म्हणाला, पण माइक चालू होता, सगळ्या मैदानाने ऐकलं. “नि ते पेट्रोलचे पाचशे ऱ्हवांदेत. रागात बोललंय मी. ते नको माका.”

“मोजा.”

“कंट्रोलरनू, माझी कुत्री नको, पैसे नको, माका म्याच बगूक दिया!”

“मोजा.”

बोलर चेंडू हातात घेऊन उभा राहिला होता. दोन्ही टीम टेबलाकडे बघत होत्या. कोणीतरी ओरडलं, “शेठनू, मोजा एकदाचे, ऊन जाता!” शेठ खुर्चीवर बसला आणि मोजायला लागला. वीसच्या नोटा चिकटलेल्या, त्याला बोट ओलं करून सुट्या कराव्या लागत होत्या. मध्ये एकदा आकडा चुकला तर तो पहिल्यापासून लागला, आणि लोकही त्याच्याबरोबर मोठ्याने मोजायला लागले. दोन हजार चारशे साठ, ऐंशी, अडीच हजार. त्याने नोटा जुळवून रबर लावलं, खिशातून पेन काढलं आणि पावतीवर सही केली. वीस हजार पाचशे, सगळे पोचले.